लिंबानंही चालू होणारी गाडी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गाडीवर ताडपत्री घालणं. दारव्ह्याच्या बाजारातून आलो होतो. गाडी अंगणात निंबाखाली लावली, बायकोनं भाजीची थैली ओट्यावर ठेवली आणि ताडपत्रीची दोन टोकं तिनं धरली, दोन मी. नेहमीप्रमाणं माझ्याकडं कमी पडली.

"तिकून सोड ना थोडी," मी म्हणालो.

"मी कायले सोडू? तुमालेच धरता नाही येत."

"अवो, तुह्याकडं जमिनीले टेकून राह्यली!"

"टेकू द्या. जमीन काई भाडं मांगून नाही राह्यली."

ताडपत्री मुळात गाडीपेक्षा वीतभर लहान होती. हे दोघांनाही माहीत होतं, तरी भांडण रोजचं. त्या दिवशीही माझ्या बाजूचा दिवा उघडा राहिला. मग तिनं अंबाडी निवडली, भाकरी टाकल्या, जेवलो, झोपलो. पहाटे ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेल्या, काही त्रास झाला नाही. त्याला काय माहीत? तो होता का तिथं? पण चांगल्या मनानं म्हणाला तो.

रडण्याबद्दल जास्त लिहीत नाही. चवथी शिकलेला माणूस मी. रडलो, एवढं लिहिलं म्हणजे झालं. लिहायचं आहे ते गाडीबद्दल.

गाडी म्हणजे जुनी अँबेसिडर. मी जिनिंगवाल्या शेठकडं जन्मभर ड्रायव्हर होतो. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा ही मला देऊन टाकली. लोक म्हणाले, शेठ दिलदार. होताच दिलदार, पण त्याच्या फाटकातून ती बाहेर काढायला चार माणसांना ढकलावं लागलं, हेही सांगितलं पाहिजे. बोरीला घरी आणली तर बायको म्हणे, "लोक नोकरी सोडताना घड्याळ आणतात. तुमी म्हैस आणली." पण महिनाभरात म्हशीच्या पुढच्या सीटवर तिचा असा हक्क बसला की मी तिथं पान्हा ठेवला तरी ती उचलून माझ्या मांडीवर ठेवायची.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी ड्रायव्हर, मिस्त्री नाही. लोकांना दोन्ही एकच वाटतं. जेवणारा आणि रांधणारा एक असतो का?

तर मोहल्ल्यातली जी पोरगी सासरी गेली ती आमच्या गाडीतून गेली, आणि पुढच्या सीटवर बायको. पाठराखीण म्हणून. नवी नवरी सासरी एकटी जात नाही. माहेरची एखादी जाणती बाई सोबत जाते, तिच्याजवळ राहते, आणि परतणीला तिला घेऊनच माघारी येते. आमच्याकडं ते काम बायकोनं कोणी न सांगता स्वतःकडं घेतलं होतं. वाटेत पोरगी रडायला लागली की ही मागं वळून नवरदेवाची हजेरी घ्यायची. "काहो जवाईबापू, बनियन सोताचं सोता धुता का?" पोरगी रडता रडता हसायची आणि जवाई गाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसायचा.

शेजारची पोरगी तर आमच्याच अंगणात वाढली. बायकोला मोठीआई म्हणायची, मला मोठेबाबा. ती लहान असताना एकदा बायकोनं तिला बोनटवर बसवून शब्द दिला होता, "तुले याच गाडीत सासरी नेऊन घालीन. अन् पाठराखीन मीच." पोरीचं लग्न घाटंजीला जमलं, तारीख निघाली, आणि बायको अशी गेली.

बायकोच्या मागं विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्यानंतर एका दिवशी पोरीची आई ओट्यावर येऊन बसली. पदराशी खेळत होती, म्हणजे बोलणं वाईट होतं.

"भाऊजी, राग नोका मानू. आमी यवतमाळची पांढरी गाडी सांगून राह्यलो. तुमची गाडी कुठी थांबली मधात तं, भरोसा..."

"भरोसा गाडीचा नाही का माहा?"

"दोघाईचाही," ती म्हणाली. खरं बोलणारी बाई आहे, म्हणून इतकी वर्षं शेजार टिकला.

मी म्हणालो, "हळदीच्या आधी एक खेप यवतमाळले जाऊन येतो. तू सोता बस गाडीत. कुठी थांबली तं सांग तुही पांढरी."

ती तयार झाली. पोरगीही घरात हट्ट धरून बसली होती, नाहीतर एवढीही मुदत मिळाली नसती. बायकोनं दिलेला शब्द आता माझ्या गळ्यात होता, आणि तो पाळायचा म्हणजे आधी ती म्हैस हलली पाहिजे.

खरं सांगायचं तर गाडी तेव्हा चांगली चालत होती. पोरगी सहज येऊन मागच्या सीटवर बसली आणि तिनं नाक दाबलं.

"मोठेबाबा, पेट्रोलचा वास येऊन राह्यला. नव्या साडीत उलटी झाली तं?"

वास येणारच. टाकीचं झाकण कधीचं हरवलं होतं. त्या जागी बायकोनं लोणच्याच्या बरणीचं पत्र्याचं झाकण बसवून वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधली होती. ते हलायचं, वास यायचा. ती म्हणायची, वासानं डास तरी येत नाहीत.

दारव्ह्याला आमचा जुना मिस्त्री आहे, त्याच्याकडं गेलो. त्यानं गॅरेज मोडून मोबाईलचं दुकान टाकलेलं. "काका, मी आता फक्त कव्हर बदलून देतो," म्हणाला. दुसऱ्या गॅरेजमधल्या नव्या मिस्त्रीनं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हातातली वायर दाखवून विचारलं, "काका, याच्यात कॉम्प्युटर कुठी लावू?" कुठं लावायचा ते मी त्याला सांगितलं. इथं लिहिता येत नाही.

शेवटी पोरीनं माझ्या मोबाईलवर व्हिडिओ लावून दिले. जुन्या गाड्यावाल्यांचा एक ग्रुप होता, त्यातही मला घातलं. लिहायला येत नसेल तर बोलायचं, तो आपोआप लिहितो. मी बोललो की तो बरोबर लिहायचा. शिव्या मात्र गाळायचा. तेवढा मोबाईल माझ्यापेक्षा शिकलेला.

पहिला व्हिडिओ पाहिला तो एका हातमोजेवाल्याचा. डोळ्यांवर काळा चष्मा, मागं लालभडक जुनी गाडी, इतकी चकचकीत की त्यात त्याचीच पाठ दिसत होती. हिंदीत म्हणाला, पेट्रोलचा वास येतो म्हणजे तुमची गाडी चालता-फिरता बॉम्ब आहे. झाकण असं बसवा की हवासुद्धा जाता कामा नये. मी घाबरलो. पोरीला बॉम्बवर बसवून सासरी कसं न्यायचं? एसटीनं जाऊन यवतमाळहून चाबीचं झाकण आणलं, आत रबर टाकलं, वरून नळवाले वापरतात ती पांढरी पट्टी गुंडाळली. वास बंद! पोरगी आली, बसली, छाती भरून श्वास घेतला. "मोठेबाबा, फस्ट क्लास!" मी त्या हातमोजेवाल्याला अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी यवतमाळची वाट धरली. दोन मैल गेलो असेन. गाडी दोनदा खोकली आणि बसली.

ग्रुपवर विचारलं. विचारायचा अवकाश, उत्तरं अशी आली जशी लग्नात वाढप्याला हाक मारावी आणि पाच जण बुंदी घेऊन धावावेत. एक म्हणाला, पेट्रोलचा पंप तापतो, त्यावर ओली चिंधी टाका. रस्त्याच्या कडेच्या शेतातून पाणी आणलं, चिंधी टाकली, सावलीत बिडी ओढली, चाबी मारली. चालू! काय आनंद झाला. त्याला धन्यवाद पाठवला. दोन मैलांवर पुन्हा बंद.

दुसरा म्हणाला, पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावा, नळी थंड राहते. आमच्या घरचे चिमटे प्लास्टिकचे. घरी आल्यावर शेजारच्या दोरीवरून लाकडी काढून घेतले. शेजारणीचे कपडे वाऱ्यानं उडून आमच्या निंबावर बसले आणि तिनं मला जे ऐकवलं त्यातला एकही शब्द मोबाईलनं लिहिला नसता. पण चिमटे लावून गाडी नेली, बंद पडल्यावर चिमटे सरकवून दुसरीकडं लावले, आणि चालू झाली. दोन मैल.

तिसऱ्यानं ठिणगी पाडणारी कॉइल बदलायला लावली. भर उन्हात मोबाईल पाहून पाहून बदलली. चालू झाली. दोन मैल. चौथा म्हणे, टाकीत डांबराच्या गोळ्या टाका, ताकद येते. झाकण उघडलं तर आतून फुस्स असा आवाज आला. मला वाटलं, तिनंही उसासा सोडला बिचारीनं. गोळ्या टाकल्या. लगेच चालू झाली. वास मात्र असा सुटला, जणू जुन्या कपड्यांची पेटी उघडून कोणी रस्त्यानं ओढत नेतंय. दोन मैल.

तुमच्या लक्षात आलं असेल. ज्यानं जे सांगितलं ते लागू पडत होतं. मी सगळ्यांना धन्यवाद देत होतो, आणि माझे धन्यवाद वाचून दुसऱ्या गाववाल्यांनीही आपल्या गाड्यांना चिमटे लावले. एकानं तर फोटो पाठवला. बारा चिमटे.

मग एका दुपारी रस्त्यात उभा होतो, तर बैल हाकत जाणारा एक म्हातारा थांबला. माझ्याहून म्हातारा, म्हणजे पाहा.

"बंद पडली का?"

"नाही. हवा खाऊन राह्यली."

"नजर लागली तिले. लिंबू उतरव."

आमच्या घरातून लिंबू-मिरची माझ्या बापाच्या वेळेसच गेली. बायकोनं पाहिलं असतं तर लिंबू माझ्यावरून उतरवून मलाच चौकात फेकलं असतं. पण रस्त्यावर कोणी नव्हतं, आणि म्हाताऱ्याच्या खिशात लिंबू होतं. त्यानं ते बोनटवरून सात वेळा फिरवलं, सावकाश, मध्ये एकदा विसरून पुन्हा पहिल्यापासून. मग चाकाखाली ठेवलं. "आता मार चाबी."

मारली. चालू झाली!

म्हातारा खुश होऊन गेला. मी मात्र स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिलो. चिंधीनं चालू होते, कॉइलनं होते, गोळीनं होते, आणि लिंबानंही होते, म्हणजे यांतल्या कोणाचंच खरं नाही. नुसतं थांबलं की ती आपोआप चालू होत होती. थांबण्यापुरतं कोणी काही करायला लावलं की त्याचं नाव होत होतं. आपला ताप उतरायचा तेव्हा उतरतो आणि ज्याची पुडी शेवटी खाल्ली तो डॉक्टर हुशार, तसलं.

हळद चार दिवसांवर आली होती. पोरीची आई रोज अंगणातून जाताना गाडीकडं पाहायची आणि काही बोलायची नाही. ती बोलत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं.

आता ग्रुपवर कोणाचं खरं मानायचं? सगळेच ठणकावून बोलत होते. व्हिडिओतला हातमोजेवालाही त्याच ग्रुपात होता, तो तर सगळ्यांत जोरात. मला बायकोची दारव्ह्याच्या बाजारातली एक रीत आठवली. तिथं जडीबुटीवाला बसायचा. लोक त्याच्याभोवती तोंड उघडून उभे. ही पुढं झाली आणि चेहरा पाडून म्हणाली, "बाप्पा, माह्या मालकाचा तिसरा गुडघा दुखते." त्यानं डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाला, "तिसरा बहुतेकाचा दुखतेच." आणि तेलाची बाटली काढली! ही म्हणाली, "ठेव, तुह्याच तिसऱ्याले लाव." आख्खा बाजार हसला.

मी ग्रुपवर बोललो, "माझ्या अँबेसिडरच्या डाव्या बाजूचा जो दुसरा कार्बोरेटर आहे तो गळतो. उपाय सांगा."

कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळते ते भांडं. माझ्या गाडीला ते एकच आहे. तेवढं मलाही कळतं.

काय सांगू! एक म्हणाला, दुसऱ्याचा वायसर बदला. एक म्हणाला, पहिला चांगला असतो, दुसराच नेहमी त्रास देतो. एकानं दुसरा विकत देण्याची तयारी दाखवली. आणि हातमोजेवाला स्वतः आला, दोन्ही कार्बोरेटर एकाच वेळी जुळवून घ्या म्हणाला, नाहीतर गाडी एकीकडं ओढेल. मी एकटाच घरात इतका हसलो की शेजारची पोरगी पाहायला आली. बायको गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसत होतो, आणि तिला वाटलं मला काहीतरी झालं.

त्या सगळ्यांच्या खाली एक उत्तर होतं. नाव नाही, फोटोच्या जागी जास्वंदाचं फूल. लिहिलं होतं, "काका, या गाडीला एकच असतो. दुसरा दिसत असेल तर डोळे तपासून घ्या."

सापडला! मी त्याला वेगळं गाठलं. बाई होती की माणूस, मला अजून माहीत नाही. मी खरी तक्रार सांगितली. दोन मैल जाते, बंद पडते, थांबलं की चालू होते.

जास्वंदानं विचारलं, "शेवटचं काय बदललं?"

मी बोललो, "बायको वारली."

मोबाईलनं ते जसंच्या तसं लिहून पाठवूनही टाकलं. मला वाटलं, गेला हाही. मग आलं, "फार वाईट झालं, काका." आणि थोड्या वेळानं, "गाडीत काय बदललं?"

मी चिंधी, चिमटे, कॉइल, गोळ्या सगळं सांगितलं. लिंबू लपवलं.

"हे सगळं बंद पडायला लागल्यावरचं. त्याच्या आधी?"

"काही नाही. फक्त टाकीचं झाकण नवं घातलं. ते तर इतकं पक्कं बसवलं की हवासुद्धा जात नाही."

"गोडेतेलाच्या पिप्याला भोकं किती पाडता?"

मी बोललो, "दोन." आणि तोंड उघडंच राहिलं. एक भोक पाडलं तर तेल धड येत नाही, गचके खातं, थांबतं. दुसऱ्यातून हवा आत जावी लागते. हे आमच्याकडं चूल पेटवणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्याला चवथीही लागत नाही. टाकीतलं पेट्रोल जात होतं आणि त्या जागी हवा यायला मी धड फटही ठेवली नव्हती; थांबलं की कुठून थोडी झिरपायची, तेवढ्यावर पुढचे दोन मैल. बायकोचं लोणच्याचं झाकण हलायचं म्हणून तर गाडी चालायची!

जास्वंदानं पुढं लिहिलं ते सगळ्यांत महत्त्वाचं. "माझं खरं मानू नका. पुढच्या वेळेस बंद पडली की बोनट उघडू नका, थांबूही नका. फक्त झाकण उघडा, लावा आणि लगेच चाबी मारा. तरी चालू झाली नाही तर माझं चुकलं."

इतक्या जणांत, आपण चुकलो तर कसं धरायचं हे सांगणारा तो एकच निघाला. मी विचारलं, "तुमी मिस्त्री का?"

"नाही. माझी स्वतःची गाडी कैक वर्षांपासून बंद आहे."

"काहून?"

"ती वेगळी भानगड आहे."

सकाळी गेलो. दोन मैलांवर खोकली, बसली. मी बिडीही पेटवली नाही. झाकण उघडलं, फुस्स! लावलं, चाबी मारली. चालू. मी रस्त्यात एकटाच ओरडलो, "अवो, चालू झाली!" कोणाला ओरडलो ते मला माहीत आहे.

झाकणाला दाभणानं बारीक भोक पाडलं. वास थोडा परत आला. त्यावर पोरगी म्हणाली, मी हातात लिंबू धरून बसते. म्हणजे लिंबाचाही उपयोग झालाच शेवटी. हळदीच्या आदल्या दिवशी तिच्या आईला गाडीत घातलं आणि यवतमाळला नेऊन आणलं. जाताना ती जीव मुठीत धरून बसली होती, येताना घोरत होती. घरी उतरल्यावर मात्र तिनं पुढच्या सीटकडं पाहिलं.

"गाडी झाली, भाऊजी. पाठराखीन कोण?"

याचा विचार मी केलाच नव्हता. मोहल्ल्यात विचारलं. एकीचा गुडघा, एकीची कापूस वेचणी, एकीची सून दिवसांवर आलेली. दुसऱ्या दिवशी पोरगी हळद लावलेल्या हातांनीच बाहेर आली.

"मोठेबाबाच चालतात मले."

"अवो, पाठराखीन माणूस असते का कुठी?" आई म्हणाली.

"शब्द मोठीआईनं देल्ला होता. घर तेच आहे ना?"

तिच्या आईनं हळदीची वाटी उचलली आणि पोरीला आत नेलं.

लग्न विहारासमोरच्या मांडवात लागलं. निघताना पोरगी आईच्या गळ्यात पडून रडली ते रडलीच, यवतमाळ मागं पडलं तरी थांबेना. मागं ती, शेजारी नवरदेव, पुढच्या सीटवर तिची बॅग. आता बोलणं माझ्यावर आलं. बायकोसारखं मला जमत नाही. मी ड्रायव्हर, तोंड रस्त्याकडं. शेवटी सुचलं ते सांगत सुटलो. तिसऱ्या गुडघ्याची गोष्ट सांगितली. पोरगी नाक ओढता ओढता हसली. जवाई मात्र गंभीर होऊन ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मंग काका, त्या तेलानं फरक पडला का?"

पोरगी इतकी हसली की लिंबू खाली पडलं. मी आरशात जवायाकडं पाहिलं. लबाड दिसत नव्हता. खरोखर विचारत होता. म्हटलं, चालेल. याला फसवणारे पुष्कळ भेटतील, पण हा कोणाला फसवणार नाही.

घाटाची चढण आली, सागाचं जंगल आलं. गाडी एकदाही खोकली नाही.

घाटंजीला दारात बाया ओवाळायला उभ्या. ओवाळलं, नाव घेतलं, सगळं झालं, आणि पोरीची सासू इकडं तिकडं पाहायला लागली. "पाठराखीन कुठी आहे वो? उतरली नाही का?"

मी हात वर केला.

सासूनं माझ्या मिशांकडं पाहिलं. मग पोरीकडं. मग तिनं पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. तिच्यामागं सगळ्याच बाया. माझं अंथरूण आतल्या खोलीत बायांमध्ये टाकलेलं होतं, ते धावपळ करून ओसरीत आणलं. पाठराखिणीसाठी आणलेली साडीही ताटात तयार होती. सासू ताट घेऊन उभी राहिली, देऊ की नको.

"द्या ना," मी म्हणालो. "हक्काची आहे." आणि घेतली. हिरवी होती, बारीक काठाची. बायकोला हिरवा रंग आवडत नव्हता. तोंडावर सांगितलं असतं तिनं.

जेवताना पोरीच्या सासऱ्यानं हळूच विचारलं, "मामा, सकाळीच निघता ना तुमी?"

"पाठराखीन कवा निघते?"

"पाठराखीन तं... परतणीले. पोरीसंगं."

"मंग," मी म्हणालो आणि आणखी वरण मागितलं. घरी मला कोणती घाई होती?

सकाळी ओसरीत जाग आली तेव्हा घरातल्या बाया कधीच्या कामाला लागल्या होत्या. पोरगी डोक्यावर पदर घेऊन आतून बाहेर आली. तिनं आधी ओसरीत पाहिलं. मी दिसलो. तशीच आत गेली.

मग सासू आली. हातात सूपभर तुरीची डाळ.

"काहो पाठराखीनबाई, काम करता का नुसतं बसून राह्यता? आमच्या इथं पाठराखीन बसून नाही राह्यत."

"आणा."

तिला वाटलं नव्हतं मी हो म्हणेन. सूप माझ्यासमोर ठेवून उभीच राहिली. मी जन्मात डाळ निवडली नव्हती.

"खडे कोणते?" मी विचारलं.

"दाताखाली येतात ते."

मी धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला, सूप मांडीवर ओढलं आणि पहिला खडा काढून बाजूला ठेवला. सासू वाकली, तिनं तो उचलून पाहिला आणि परत सुपात टाकला. डाळच होती ती. मी दुसरा शोधायला लागलो.